सावेदादांची कुस्ती, फाळक्यांचा वाटाणा आणि माझा मुठीतला कॅमेरा



गेल्या दिवाळीत बोनस हातात पडला आणि दोन दिवसांत त्यातला बराचसा खर्चही झाला. एक छोटा अॅक्शन कॅमेरा घेतला. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, मुठीत मावतो, पाण्यात पडला तरी चालतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा लेख जाहिरात नाही आणि तक्रारही नाही. (असला तर माझ्याच अकलेविरुद्ध असेल. पुढे कळेलच :) )

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी काही डोंगरावरून सायकल घेऊन उडी मारणारा माणूस नाही. सोमवार ते शुक्रवार पुण्यात खुर्चीवर बसून कोड लिहितो. मला कॅमेरा हवा होता तो रोजच्यासाठी... घर, गाव, शेत, आणि मुख्य म्हणजे आजी. तिचं वय ८८. आमचं गाव हिमायतनगर, जिल्हा नांदेड. जुनं नाव वाढोणा, आणि जुनी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात.

घेण्याआधी मी शास्त्रशुद्ध पद्धतीने वीसेक परीक्षणं पाहिली. सगळीकडे तेच. बर्फावरून घसरणारा माणूस, समुद्रात बुडी मारणारा माणूस. चुलीच्या धुरात भाकरी थापणारी म्हातारी कुणीच दाखवत नाही. मग विचार आला की रोजच्या आयुष्याचं हलतं चित्र काढायला कॅमेरा विकत घेणारा मी काही पहिला मराठी माणूस नाही. आपल्या आधी ज्यांनी घेतला त्यांनी तो कसा पारखला? या प्रश्नात चार-पाच शनिवार गेले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

सुरुवात अर्थातच ७ जुलै १८९६ पासून. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सहा छोट्या फिल्मांचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. खेळ करणारा मारिअस सेस्तिए हा खरं तर ऑस्ट्रेलियाला निघालेला होता, मुंबई वाटेत लागली. माझ्यातल्या इंजिनियरला इथे सगळ्यात भारी वाटतं ते ल्युमिएरचं यंत्र. एडिसनचा कॅमेरा प्रचंड जड, एका जागी ठेवायचा. ल्युमिएरची पेटी साधारण पाच किलोची, हाताने फिरवायची, विजेची गरज नाही. वर तीच पेटी शूटिंग करणार, तीच प्रिंट काढणार आणि मागे दिवा लावला की तीच पडद्यावर दाखवणार. म्हणजे त्या काळचा हा 'कॉम्पॅक्ट अॅक्शन कॅमेरा'च की! फरक एवढाच की रीळ १७ मीटरचं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, १७ मीटर म्हणजे जवळपास ५६ फूट, म्हणजे नऊशेच्या आसपास फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एक मिनिटसुद्धा पुरं होत नाही.

हे खेळ पाहून मुंबईतला एक मराठी फोटोग्राफर वेडा झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. १८८० पासून त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडच्या रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे २१ गिनीचे झाले २२ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये धरले तर ३३० रुपये! त्या काळी ही रक्कम काही गंमत नव्हती.

आणि एवढा महाग कॅमेरा घेऊन सावेदादांनी १८९९ मध्ये काय टिपलं, तर हँगिंग गार्डनमधली पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती. भारतीय माणसाने काढलेली पहिली फिल्म म्हणून ती ओळखली जाते. त्यानंतर माकडांना खेळ शिकवणारा माणूस. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत. पुढे १९०३ चा दिल्ली दरबार.

या यादीकडे मी आधी 'इतिहासातली नोंद' म्हणून पाहत होतो. कॅमेरा हातात आल्यावर पाहिलं तर ते मला चक्क टेस्ट प्लॅन वाटायला लागलं. बघा ना. कॅमेरा तिकाटण्यावर, जागचा हलत नाही. फिल्मला प्रकाश भरपूर लागतो. रीळ छोटं आणि महाग. धुवायला फिल्म लंडनला पाठवायची, म्हणजे चूक झाली तर ती काही महिन्यांनी कळणार. अशा वेळी पहिला विषय काय निवडाल? उघड्यावर, उन्हात, ठरलेल्या गोलात घडणारी, भरपूर हालचालीची गोष्ट. म्हणजेच कुस्ती! सावेदादांनी असाच विचार केला होता असा कागद माझ्याकडे नाही, पण मला तरी यापेक्षा चांगली पहिली टेस्ट केस सुचत नाही.

आता माझी पहिली टेस्ट केस ऐका. महाशिवरात्रीला आमच्याकडे श्री परमेश्वराची मोठी यात्रा भरते. यात्रेत कुस्त्यांची दंगलही असते. म्हटलं, सव्वाशे वर्षांनी सावेदादांना मानवंदना! छातीवर पट्टा बांधला, त्यात कॅमेरा अडकवला आणि गर्दीत घुसलो. दीड तास शूटिंग. रात्री लॅपटॉपवर पाहिलं तर काय... पैलवान मुंग्यांएवढे. अॅक्शन कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद पाहते. आपल्या नाकासमोरची सायकल आणि सगळं क्षितिज एकत्र मावावं म्हणूनच ती तशी केलेली असते. पंधरा हातांवरचा माणूस तिच्या दृष्टीने दुसऱ्या गावात! दीड तासात पैलवानांपेक्षा माझ्या पुढच्या काकांचा फेटाच जास्त होता.

थोडक्यात, सावेदादांनी एका मिनिटाच्या रिळावर जे साधलं ते मला चाळीस जीबीमध्ये साधलं नाही. रीळ कमी असलं की माणूस आधी विचार करतो, कार्ड मोठं असलं की नंतर पस्तावतो. दुसऱ्या दिवशी मी आखाड्याच्या कडेला बसलो, कॅमेरा मातीपासून वीतभर उंचीवर धरला आणि एकच कुस्ती घेतली. ती मात्र झकास आली. धूळ कॅमेऱ्यापर्यंत उडत होती.

दुसरे गुरुजी म्हणजे अर्थात दादासाहेब फाळके. त्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे म्हणून धावतं सांगतो. १९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली, आपले देव पडद्यावर आणायचे हे डोक्यात बसलं, रात्र-रात्र प्रयोग करून डोळे दुखावून घेतले. विमा पॉलिसी गहाण टाकल्या, फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि एप्रिलमध्ये परत.

परत आल्यावर त्यांनी थेट 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. आधी कॅमेरा पारखला. आणि तो पारखायला त्यांनी घरातल्या कुंडीत वाटाणा पेरला! रोप उगवतं, वाढतं, ते फ्रेम-फ्रेमने टिपलं. 'अंकुराची वाढ' ही ती फिल्म. आजच्या भाषेत टाइमलॅप्स. ती पाहूनच पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पुढचं कर्ज मिळालं.

इथे माझ्यातला किडा वळवळला. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की फाळक्यांनी महिनाभर 'रोज एक फ्रेम' घेतली आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली. आता गणित करा. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. रोज एक घेतली तर महिन्यात ३०, म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. मिनिटभराची फिल्म हवी तर दिवसाला ३२ फ्रेम घ्याव्या लागतील. म्हणजे फिल्म खरोखर मिनिटभराची असेल तर तो माणूस दिवसभर, थोड्या-थोड्या वेळाने, त्या कुंडीसमोर येऊन हँडल फिरवत होता. 'रोज एक फ्रेम' ऐकायला छान वाटतं, पण त्यात फाळक्यांचे कष्ट तिसाव्या हिश्श्यावर येतात.

मी हाच प्रयोग गच्चीवर हरभरा पेरून केला. दर पाच मिनिटांना एक फ्रेम, पाच दिवस. तासाला १२, दिवसाला २८८, पाच दिवसांत १४४०. सेकंदाला २४ या हिशोबाने बरोबर एक मिनिट. कॅमेऱ्याला पॉवर बँक जोडली, बटण दाबलं आणि मी खाली येऊन झोपलो. दोन वेळा लाईट गेली, तरी अडलं नाही. फक्त तिसऱ्या दिवशी एका चिमणीने येऊन कोंब खाल्ला. फिल्ममध्ये ते एका फ्रेममध्ये दिसतं, आणि पुढचे अडीच दिवस नुसती माती. :( फाळके कुंडीजवळ बसून होते. मी झोपलो होतो.

बरं, एकट्या फाळक्यांचं तरी नाव का घ्यायचं? त्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं आपणच पाडायची. ते काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत करत. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. ३५ मिमीच्या एका फ्रेमला प्रत्येक कडेला चार भोकं, म्हणजे फुटाला एका बाजूने ६४. दोन्ही कडा मिळून ४ लाख ७३ हजार ६०० भोकं! यंत्र एका दाबात किती पाडत असेल ते असो. शिवाय हा हिशोब फक्त एका प्रतीचा. घरात सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच पाहिला असं सांगतात. ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरमध्ये चित्रपट लागला, आणि 'पहिला भारतीय चित्रपट' म्हणून आपण फाळक्यांची जयंती करतो. भोकांचीही करायला हवी.

तिसरा नमुना कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर (मूळचे मेस्त्री) आणि त्यांचे भाऊ आनंदराव. यांनी कॅमेरा विकत घेतलाच नाही, बनवायला घेतला! आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो पुरा केला. 'सैरंध्री' (१९२०) त्याच घरच्या कॅमेऱ्यावर निघाला. मी स्क्रू कुठे आहे ते शोधत माझा कॅमेरा उलटापालटा केला. स्क्रूच नाही. बॅटरी बदलता येते, बाकी बिघडलं तर फेकायचा. रोजच्या वापराची वस्तू पारखताना हा निकष परीक्षणवाले कधीच लावत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मुंबई झाली, कोल्हापूर झालं, आमच्या मराठवाड्याचं काय? आमचा भाग निजामाच्या राज्यात. तिथेही सिनेमा आला होता. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ च्या सुमारास हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली होती. १९२४ मध्ये त्यांनी 'रझिया बेगम' दाखवला, निजामाला तो खपला नाही आणि गांगुलींना हैदराबाद सोडावं लागलं. कंपनीच गुंडाळली गेली. पुढे मुक्तिसंग्राम पेटला. ३० जानेवारी १९४८ ला आमच्या जिल्ह्यातल्या उमरीत बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अॅक्शन संपून निजाम शरण आला. हे सगळं मी पुस्तकात वाचलंय, म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. हलतं चित्र मात्र मी आमच्या गावाचं त्या काळातलं एकही पाहिलेलं नाही. १८९९ मध्ये मुंबईच्या दोन पैलवानांसमोर कॅमेरा होता, आमच्या गावासमोर तो आला थेट लग्नाच्या कॅसेटवाल्याबरोबर.

मधल्या काळात छोटे कॅमेरे आलेच नाहीत असं नाही. १९२३ मध्ये १६ मिमी आली, १९३२ मध्ये ८ मिमी, १९६५ मध्ये सुपर ८. पण सुपर ८ च्या एका डबीत ५० फूट फिल्म, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. ती घ्यायची, धुवायला पाठवायची, वर प्रोजेक्टर हवा. ज्यांच्या घरी हे परवडायचं त्यांच्या आजोबांच्या फिल्म आज आहेत. बाकीच्यांचे आजोबा भिंतीवरच्या फोटोत, टाय नसलेल्या कोटात, ताठ बसलेले.

माझ्या आजोबांची एकच हलती आठवण आमच्याकडे आहे. १९९८ मध्ये आत्याच्या लग्नाची कॅसेट. खांद्यावर बाजाच्या पेटीएवढा कॅमेरा, मागे एक पोरगा हॅलोजन धरून. त्यात आजोबा अकरा सेकंद दिसतात. मांडवाच्या खांबापाशी उभे, फेटा सारखा करतात आणि कुणाला तरी काहीतरी म्हणतात. काय म्हणतात ते कुणालाच माहीत नाही. कारण कॅसेटवाल्याने सगळा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी टाकली होती. तेव्हा सगळेच टाकायचे. आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. कॅसेटला पुढे बुरशी लागली, कशीबशी कॉपी करून घेतली, तीत आजोबांच्या तोंडावरून पांढऱ्या रेघा धावतात.

म्हणून मी कॅमेरा घेतला. आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना लाज वाटते.

यात्रेनंतरच्या संध्याकाळी आजी चुलीपुढे बसली होती. (गॅस आहे, पण तिची भाकर चुलीवरचीच.) मी कॅमेरा पाटावर ठेवला.

"काय करलालास रे ते?" आजी म्हणाली.

"काही नाही आजी, तू बोल. पोलीस अॅक्शनच्या वेळी तू किती मोठी होतीस?"

आणि ती बोलली की! भाकरी थापत वीस मिनिटं. दहा-अकरा वर्षांची होती म्हणे. रझाकार येणार म्हणून रातोरात बैलगाडीत घातलं, पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात नातेवाईकांकडे कसे गेले, तिच्या आईने दागिने कशात लपवले, गाडीच्या चाकाचा आवाज होऊ नये म्हणून काय केलं... मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी म्हणाली, "आता ते डबं बंद कर अन् भाकर खाऊन घे."

रात्री पाहिलं. चित्र अंधुक, दाणेदार. ते अपेक्षितच होतं, असल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा, चुलीच्या उजेडात तो काय करणार? पण आवाज... आवाज असा की कुणी रजईखालून बोलतंय. यात्रेतल्या धुळीसाठी मी पाण्याची बंद डबी चढवली होती, ती काढायलाच विसरलो. थापण्याचा धप-धप कळतो, शब्द निम्मे कळत नाहीत. कॅसेटवाल्याला मी आयुष्यभर नावं ठेवली आणि संधी मिळाल्यावर मीही तेच केलं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिने दोन मिनिटांत सांगून टाकलं, "गेलो की बैलगाडीत. अजून काय सांगू?" चाकाची गोष्ट आलीच नाही. त्या रात्री मी जे आठवत होतं ते वहीत लिहून काढलं. आजपर्यंत कुठल्याही परीक्षणात न सापडलेला निष्कर्ष हा की वही-पेनाची बॅटरी कधी संपत नाही.

तेव्हा मंडळी, तीन महिन्यांच्या वापरानंतर माझा निकाल असा. उजेडात, हातभर अंतरावरच्या गोष्टींसाठी कॅमेरा उत्तम. चालताना चित्र थरथरत नाही. २०१८ नंतर या कॅमेऱ्यांतली स्थिरता खरोखर सुधारली आहे. दूरच्या माणसासाठी नको. अंधारात जेमतेम, दिवा लावा. आवाजासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक आधी घ्या, बाकी सामान नंतर. आणि घरात पाण्याची डबी काढून ठेवा. :)

गंमत म्हणजे या कॅमेऱ्यांची जात जिने जन्माला घातली त्या गोप्रोचा २००४ मधला पहिला कॅमेरा चक्क ३५ मिमी फिल्मवर चालायचा आणि फक्त फोटो काढायचा. लाटांवर स्वार होणाऱ्या माणसाला आपलाच फोटो हवा होता, एवढीच त्याची गरज. म्हणजे यंत्र ज्याच्यासाठी बनतं त्याचं आयुष्य त्यात शिरलेलं असतं. आपल्या आजीसाठी ते कुणी बनवलेलं नाही, आपल्यालाच वाकवून घ्यावं लागतं. सावेदादांनी इंग्लंडहून आलेल्या पेटीपुढे पैलवान उभे केले, फाळक्यांनी वाटाणा ठेवला. त्यांनी हेच केलं.

आणि शेवटचं, जपण्याचं. सावेदादांची ती कुस्ती आज कुणीच पाहू शकत नाही, फिल्म उरली नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यातले फार थोडे शिल्लक. १९६४ मध्ये पुण्यात फिल्म संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून रिळं गोळा केली. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच हाती लागला. माझ्या कॅमेऱ्यात चांगल्या प्रतीला सेकंदाला १०० मेगाबिट लिहिले जातात, म्हणजे तासाला ४५ जीबी. हे कार्डावर तसंच ठेवलं तर पाच वर्षांनी कार्ड सापडणार नाही. मी आता महिन्याला एकदा बसतो, नव्वद टक्के पुसतो, उरलेलं दोन डिस्कवर ठेवतो. एक पुण्यात, एक हिमायतनगरला.

रजईखालून बोलणारी ती वीस मिनिटं मात्र पुसलेली नाहीत. आणि परवा आजीला आजोबांची ती अकरा सेकंदं लॅपटॉपवर दाखवली. विचारलं, काय म्हणत असतील गं?

आजीने दोनदा पाहिलं. "काय म्हणणार? च्या झाला का म्हणत असतील. दिवसभर तेच म्हणायचे."

यावेळी माइक चालू होता.